नानांचा नियम

माझे वडील बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक होते. आधी धुळ्याला आणि मग जळगावला मिळून त्यांनी तीस वर्षांच्या वर पाळकी केली. आम्ही त्यांना नाना म्हणायचो, मंडळी पाळकसाहेब म्हणायची आणि आईला पाळकीणबाई. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी देवळात प्रभुभोजन असे. भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरे आणि प्रत्येक जण एक तुकडा घेई. माझी आई तो घेत नसे. ती सगळ्यात मागच्या बाकावर, दाराशी बसे. ताट तिच्यापर्यंत आलं की शेजारची बाई ते तिच्या पुढून पलीकडे देई. पाळकाची बायको असून तिला ते घेण्याची मुभा नव्हती, आणि ती नानांनीच नाकारली होती.

हे आज कुणाला सांगितलं तर लोकांना वाटतं, तिच्या हातून काहीतरी वाईट घडलं असेल. तसं काही नव्हतं. गोष्ट पाण्याची होती.

आमच्या मंडळीत बाप्तिस्मा लहान मुलांना देत नसत. माणसाला समज यावी, त्याने सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या विश्वासाची साक्ष द्यावी आणि मग नदीत नाहीतर तलावात पूर्ण बुडून बाहेर यावं, तोच खरा बाप्तिस्मा. दुसऱ्या मिशनांत कपाळावर पाणी शिंपडत, ते आमच्याकडे धरत नसत. आणि ज्याचा बाप्तिस्मा धरला जात नाही, त्याला प्रभुभोजन नाही. आईच्या कपाळावर लहानपणी पाणी शिंपडलेलं होतं. नानांशी लग्न झालं तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं, की आता ही धुळ्याच्या पांझरा नदीत उतरेल आणि प्रश्न मिटेल. ती उतरली नाही.

का उतरली नाही, ते तिने मला एकदाच सांगितलं. मी बारा-तेरा वर्षांची असेन. आम्ही दोघी ज्वारी निवडत बसलो होतो. मी विचारलं, "आई, तू बाप्तिस्मा का घेत नाहीस? नाना सगळ्यांना देतात."

ती सुपातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "माझा झालाय."

"तो खरा नाही म्हणतात."

"संवत छप्पनच्या दुष्काळात माझ्या माईने मला आणि माझ्या भावाला मिशनच्या अनाथालयात नेऊन सोडलं," ती म्हणाली. "आम्ही तापीकाठचे. माझं वय असेल सात-आठ. भाऊ दोन वर्षांचा. त्याला चालता येत नव्हतं, त्याचे पाय काडीसारखे झाले होते. तिथल्या मडमेनं आम्हां दोघांच्या कपाळाला एकाच वाटीतलं पाणी लावलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. मडम म्हणाली, रडू नको, तो आता देवाचा झाला." आईने सूप खाली ठेवलं. "माझ्या कपाळावरचं पाणी खोटं म्हणायचं, तर त्याच्या कपाळावरचंही खोटं म्हणावं लागेल. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. तुझ्या नानांना हे सगळं ठाऊक आहे."

नानांना ठाऊक होतं. पण नाना नियमाचे माणूस होते. मूळ नशिराबादचे, घरी हातमाग. तरुणपणी एका फिरत्या प्रचारकाचं ऐकून ते ख्रिस्ती झाले तेव्हा भावांनी त्यांचं अंथरूण दाराबाहेर टाकलं, आणि त्या दारातून ते परत कधी आत गेले नाहीत. एवढं सोडून जी गोष्ट घेतली ती अर्धीमुर्धी घ्यायची कशी, असं त्यांचं म्हणणं असे. लग्नानंतर मिशनच्या साहेबाने त्यांना सांगितलं होतं, की पाळकाच्या घरात हा प्रश्न लोंबकळत राहणं बरं नाही, बायकोला समजवा. नानांनी शब्द दिला, की समजावतो आणि तोवर तिला प्रभुभोजन देणार नाही. दोन-तीन वर्षं समजावलंही. मग दोघांनी त्यावर बोलणं सोडून दिलं. घरात दोघांत भांडण असं मी कधी पाहिलं नाही. आई त्यांच्या कोटाला गुंड्या लावून देई, ते बाजारातून तिच्या आवडीची वांगी आणत. पण महिन्याचा पहिला रविवार जवळ आला की घरातली भांडीसुद्धा हलक्या हाताने ठेवली जात.

प्रभुभोजनाची भाकर आईच करायची. शनिवारी संध्याकाळी गव्हाची जाडसर पोळी भाजायची, मनुका भिजत घालून त्यांचा रस काढायची, फडक्यातून गाळून बाटलीत भरायची. दुसरी कुणी बाई करायला तयार नव्हती असं नाही. आईनेच ते काम मागून घेतलं होतं.

धुळ्याला मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली तेव्हा मी आठ वर्षांची होते. आग्रा रोडवरून दिवसभर प्रेतं जात. आमच्या मंडळीत बहुतेक जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, राबणारी माणसं, चार शिक्षक, मिशनच्या दवाखान्यातले दोघे. त्यांतल्या कुणाकुणाला नानांनी स्वतः खड्डा खणून पुरलं, कारण खणायला माणूस मिळत नव्हता. एक जिनातला हमाल होता, पांझरेपलीकडे देवपुरात राहणारा. तो वर्षभर देवळात येत होता, पण त्याची साक्ष अजून व्हायची होती. तो आजारी पडला तसे नाना दोन दिवस त्याच्यापाशी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी आई पेज घेऊन निघाली आणि मला घरी एकटीला ठेववेना म्हणून बरोबर नेलं. मला दाराबाहेर बसवलं होतं. आतलं सगळं ऐकू येत होतं.

हमालाची बायको म्हणत होती, "पाळकसाहेब, याले पानी दी टाका. हाऊ मांगी राहिना. बठ्ठं तुमना हातमा शे."

नाना म्हणाले, "त्याला उठून बसता येत नाही, बाई. नदीवर कसं न्यायचं? देव त्याचं मन बघतो. मी प्रार्थना करतो."

"नदी ऱ्हाऊ द्या. आठेच द्या. थोडंसं."

"तसं नसतं ते," नाना म्हणाले. त्यांचा आवाज फार थकलेला होता. "थोडंसं नसतं."

ते प्रार्थना करत राहिले. दिवस कलायच्या आत तो माणूस गेला. नानांनी त्याला ख्रिस्ती कबरस्थानातच पुरलं. त्यासाठी मंडळीतल्या वडील माणसांशी वाद घातला. त्याची बायको कबरीपाशी नानांच्या पुढे येऊन उभी राहिली आणि तिने एवढंच विचारलं, "मन्हा माणूस आते कोठे गया?" नानांनी काहीतरी उत्तर दिलं. मला ते आठवत नाही, आणि मला वाटतं तिलाही ते ऐकू गेलं नसावं. त्यानंतर ती देवळात आली नाही.

घरी आल्यावर आईने नानांच्या हातावर पाणी घातलं, पाय धुवायला दिलं. ताट वाढलं. ते जेवायला बसले तशी ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "तुमच्याकडे तांब्याभर पाणी नव्हतं का?"

नानांनी घास ताटात ठेवला. ते उठले आणि हात धुऊन बाहेर गेले. त्या दिवशी कुणीच जेवलं नाही.

आता मी विचार करते तेव्हा वाटतं, नानांनी त्या दिवशी ओंजळभर पाणी पुढे केलं असतं तर आईच्या कपाळावरचं पाणीही त्यांना खरं मानावं लागलं असतं. आणि इतकी वर्षं आपण काय केलं, या प्रश्नाला तोंड द्यावं लागलं असतं. ते त्यांच्याकडून झालं नाही.

पुढे आम्ही जळगावला आलो. चौदाव्या वर्षी माझा बाप्तिस्मा मेहरूणच्या तलावात झाला. नानांनीच दिला. पाणी गार होतं, तळाशी शेवाळ होतं, पाय घसरत होता. नानांनी एक हात माझ्या पाठीखाली धरला, मला मागे बुडवलं आणि वर काढलं. डोळ्यांतलं पाणी निपटून पाहिलं तर काठावर आई कोरडं लुगडं हातात धरून उभी. तिनेच मला गुंडाळून घेतलं, केस पुसले. पुढच्या रविवारी मला पहिल्यांदा प्रभुभोजन मिळालं. मी हट्टाने आईजवळ मागच्या बाकावर बसले होते. ताट आलं, मी तुकडा घेतला, अर्धा तोंडात टाकला आणि अर्धा मुठीत धरून आईच्या पदराखाली तिच्या हातात द्यायला गेले.

तिने माझी मूठ मिटवली. कानाशी येऊन म्हणाली, "चोरून नको गं. हे चोरून खायचं नसतं."

मी तो अर्धा तुकडाही तोंडात टाकला. समोर नाना उभे होते. त्यांनी पाहिलं होतं. ते पुढचं वचन वाचायला लागले आणि मध्येच ओळ चुकले. नानांची ओळ चुकलेली मंडळीने कधी पाहिली नव्हती.

मला त्या काळात नानांचा राग येई. पण ते दुष्ट नव्हते, हेही मला दिसत होतं. एकदा रेल्वेतला एक ड्रायव्हर बदली होऊन आला. तो दुसऱ्या मिशनचा, शिंपडलेला. फार भला माणूस. त्याने प्रभुभोजन मागितलं, नानांनी नाही म्हटलं. तो दारातून जाताना म्हणाला, "पाळकसाहेब, तुमच्या घरातही असंच आहे असं ऐकतो." नाना म्हणाले, "हो. म्हणूनच तुम्हाला नाही म्हणण्याचं तोंड मला आहे." मी आतून ऐकत होते. त्यांच्यासाठी न्याय तो एवढाच उरला होता: घरच्याला जे दिलं नाही ते बाहेरच्याला द्यायचं नाही, आणि बाहेरच्याला नाकारलं ते घरच्याला द्यायचं नाही. त्या दोन नकारांमध्ये आई बसलेली होती.

मी शिकून मास्तरीण झाले. जळगावच्याच शाळेत लागले. त्या सुमारास आईच्या पोटात गाठ आली. मिशनच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की करण्यासारखं काही नाही. आईला आम्ही सांगितलं नाही. तिला कळलं होतंच. महिन्याभरात ती अंथरुणाला खिळली. शनिवारची भाकर मी करायला लागले. ती पडल्या पडल्या सांगायची, "जाळ कमी कर. करपेल."

नाना दर महिन्याला आगगाडीने दोंडाईच्याला जात. तिथे त्यांनी चार-पाच घरांची मंडळी जमवली होती. आईच्या आजारपणात एकदा ते तिथून परत आले ते थेट तिच्या खाटेपाशी जाऊन बसले. अंगावर प्रवासाची धूळ तशीच. दुपारची वेळ होती, मी शाळेतून जेवायला घरी आले होते. त्यांनी पिशवीतून रुमालात बांधलेला भाकरीचा तुकडा काढला. दोंडाईच्याच्या उपासनेत उरलेला.

"घे," ते म्हणाले.

आईने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा इतका लहान झाला होता, की डोळे तेवढे मोठे दिसत. ती म्हणाली, "इथे घरात? का देवळात?"

"इथे. तुला आता नेणं—"

"मला चौघांनी उचलून नेलं तरी चालेल. मंडळीसमोर द्याल?"

नानांनी तुकडा रुमालावर ठेवला. मग म्हणाले, "मंडळीसमोर द्यायचं तर मला साहेबांना लिहायला हवं. शब्द दिलेला आहे."

"मग लिहा," आई म्हणाली. "मी थांबते."

तिने डोळे मिटले. नानांनी रुमाल परत बांधला. मी तिथेच उभी होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की लिहू नका, येत्या रविवारी तिला उचलून न्या आणि द्या. मी काही बोलले नाही. वडिलांशी असं बोलायची रीत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही साहेबाच्या कागदाचा धाक होता. या गोष्टीत माझाही वाटा आहे, तो मी झाकत नाही.

नानांनी त्याच दिवशी पत्र लिहिलं. जुना साहेब केव्हाच मायदेशी गेला होता. नवा साहेब डोंगरावर थंड हवेला गेलेला. पत्र त्याच्या मागोमाग फिरत राहिलं. आई रोज विचारी, "डाक आली?" मग विचारायची बंद झाली. सतराव्या दिवशी सकाळी, मी तिचे केस विंचरत असताना, ती गेली. माझ्या हातात तिची वेणी अर्धी घातलेली होती. मी ती पूर्ण घातली आणि मग नानांना हाक मारली.

पुरायच्या वेळी उपासना नानांनीच चालवली. कुणीतरी म्हणालं, दुसऱ्या पाळकांना बोलावू. ते नको म्हणाले. कबरीवर माती पडेपर्यंत ते सरळ उभे होते.

साहेबाचं पत्र त्यानंतर पाच दिवसांनी आलं. मराठीत टाइप केलेलं, चार ओळींचं. नानांनी ते वाचलं आणि माझ्या हातात दिलं. त्यात लिहिलं होतं, की असल्या बाबतीत मिशन काही ठरवत नाही, पूर्वीही ठरवत नव्हतं. प्रभुभोजनाला कुणाला घ्यावं हे ज्या त्या मंडळीने आणि तिच्या पाळकाने ठरवायचं, हीच बॅप्टिस्टांची जुनी रीत आहे. पाळकसाहेबांना हे माहीत असेलच. पत्नीच्या प्रकृतीस आराम पडो.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

नाना खिडकीपाशी उभे होते. "शिकवलं होतं आम्हाला," ते म्हणाले. "मीच दुसऱ्यांना शिकवलं." आणि मग, "मला वाटायचं, कुणीतरी वरून सांगावं."

पुढच्या पहिल्या रविवारी त्यांनी ताटावरचं फडकं काढलं आणि मंडळीला म्हणाले, "यापुढे ज्याचा प्रभूवर विश्वास आहे त्याने घ्यावं. पाणी किती लागलं ते मी विचारणार नाही." वडील मंडळींपैकी दोघे तिथल्या तिथे उठून घरच्यांना घेऊन बाहेर पडले. ते मागाहून घरीही आले. एक जण म्हणाला, "पाळकसाहेब, हे आधी केलं असतं तर आम्ही समजलो असतो. आता लोक म्हणतील, बायको मेली म्हणून देव बदलला." नाना म्हणाले, "खरं आहे. तसंच झालंय." वाद घालायला आलेला तो माणूस उठून निघून गेला. मंडळी त्या वर्षात निम्मी झाली. रेल्वेचा ड्रायव्हर केव्हाच बदलून भुसावळच्या पलीकडे गेला होता. नानांनी त्याचा पत्ता शोधून कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही.

त्यांनी आणखी काही वर्षं पाळकी केली, पण उपदेश दिवसेंदिवस आखूड होत गेले. शेवटी शेवटी ते नुसतं वचन वाचत आणि खाली बसत. मग एका नव्या पाळकाला मंडळी सोपवून आम्ही मेहरूणला दोन खोल्यांत राहायला गेलो. मी लग्न केलं नव्हतं. नानांना जेवण लागे थोडं आणि बोलणं त्याहून कमी.

एके दिवशी ते म्हणाले, "मला धुळ्याला ने." चाळीसगावला गाडी बदलून आम्ही गेलो. त्यांना त्या हमालाच्या बायकोला भेटायचं होतं. देवपुरात विचारत विचारत तिचं घर सापडलं. ती म्हातारी झाली होती, ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. नानांनी ओळख दिली आणि तिच्यापुढे उभे राहून म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी पाणी द्यायला हवं होतं. माझं चुकलं."

तिने त्यांना खालीवर न्याहाळलं. "माले याद शे," ती म्हणाली. "तुम्ही दोन दिन त्यानापा बसनात. तवय कोनी कोनापा येत नव्हतं. पन पानी नही दिधं." शेंगा फोडणारे हात थांबले नाहीत. "आते माफी मांगीसनी काय व्हई? तो गया. मीबी जासू."

नाना तिथेच ओट्याच्या कडेला बसले. तिने त्यांच्यापुढे मूठभर शेंगदाणे ठेवले. त्यांनी ते खाल्ले. उन्हं उतरल्यावर आम्ही स्टेशनकडे निघालो. परतीच्या गाडीत मी विचारलं, "बरं वाटलं का, नाना?" ते म्हणाले, "नाही. पण ती म्हणाली ते खरं होतं."

देश स्वतंत्र व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात नाना गेले. आठ दिवस ताप होता. नव्या पाळकाने येऊन प्रार्थना केली, तेव्हा नानांनी हात जोडले नाहीत आणि नकोही म्हटलं नाही. कबरस्थानात आईच्या शेजारची जागा कधीच भरून गेली होती. त्यांना पलीकडच्या भिंतीशी पुरलं. सोडून गेलेल्या दोन घरांपैकी एका घरातली माणसं आली होती.

महिन्याभराने नवा पाळक माझ्याकडे आला. दगडावर काय कोरायचं ते विचारायला. "त्यांचं आवडतं वचन कोणतं होतं?" तो म्हणाला. मी विचार करत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी किती वचनं वाचली, किती पाठ म्हणवून घेतली. पण अमुक एक माझं, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "ठाऊक नाही. नाव लिहा, आणि खाली नशिराबाद."

"आणि पाळक?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "पाळक लिहा."